डबल ब्रेकवाली आत्या

गाडी बंद पडली की आत्याला हसू फुटायचं. आधी खांदे हलायचे, मग चष्मा नाकावरून घसरायचा आणि शेवटी ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून इतकी हसायची की कपाळाने हॉर्न वाजायचा. मागच्या गाडीवाल्यांचं डोकं फिरायचं. एक तर बाईने गाडी रस्त्याच्या मधोमध उभी केलेली, वरून हॉर्नही तीच वाजवते. माणसं घाम पुसत तणतणत यायची, काचेतून आत बघायची आणि हसणाऱ्या बाईला पाहून काय बोलायचं ते विसरून जायची. मग निमूटपणे मागे जाऊन गाडीला धक्का मारायची. आत्या मला म्हणायची, "रडणाऱ्याले लोक सल्ला देतात वं मनू, हसणाऱ्याले धक्का देतात."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण शकुंतला. मला आत्या दोन. एक काटोलची, जिच्या घरून दर मोसमात संत्र्यांची पेटी यायची, ती संत्रेवाली आत्या. आणि ही गाडीवाली. प्रतापनगरात आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि तिथूनच फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. तिची छोटी पांढरी गाडी शिकवण्याची असल्यामुळे डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. शिकणाऱ्या बायका तिला डबल ब्रेकवाली मॅडम म्हणायच्या. रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या बायका, अंगणवाडीच्या सेविका, बँकेतल्या कॅशियर, सगळ्या तिच्या उजव्या हाताला बसून शिकल्या. माझी आईसुद्धा.

शिकवताना तिचं तोंड अखंड चालू असे. शेजारची बाई घामाघूम होऊन गिअर शोधत असली तरी आत्या तिला वाल कसे सोलायचे ते सांगत असे. "रस्त्यावर आपण नाही घाबरायचं. घाबरायचं काम समोरच्याले देऊन टाकायचं," हे तिचं पहिल्या दिवसाचं वाक्य. आयत्या वेळी ती डावा ब्रेक दाबायची आणि गाडी थांबली की आकाशाकडे बोट दाखवून म्हणायची, "त्यानं दाबला." एकदा तिच्या एका विद्यार्थिनीने वांग्याच्या ठेल्याला धडक दिली. ठेलेवाला ओरडायच्या आत आत्याने खाली उतरून चेमटलेली सगळी वांगी विकत घेतली. संध्याकाळी अंगणात चूल पेटवून तिने भरीत केलं आणि साऱ्या वर्गाला बोलावलं. धडक देणारी बाई सगळ्यात जास्त जेवली. पुढे तिने स्वतःची गाडी घेतली तेव्हा पहिली फेरी त्याच ठेल्यापर्यंत मारली.

आत्याची एक सवय मात्र आम्हा सगळ्यांना अस्वस्थ करायची. ती टाकी कधी भरत नसे. काटा लाल रेघेवर आला की थोडंसं पेट्रोल टाकायची, पुन्हा काटा खाली जायची वाट बघायची. "भरलेली टाकी माणसाले आळशी करते," असं तिचं म्हणणं. या सवयीचं पुढे काय होणार होतं, हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

लग्नाचं कुणी विचारलं तर ती सांगायची, "राहून गेलं न. डाळीत मीठ राहून जाते तसं." मग विचारणाऱ्यालाच वाईट वाटायचं आणि आत्याच त्याची समजूत काढायची की वरून घातलेलं मीठही चालतं.

तिने साठी ओलांडली आणि स्कूल बंद करायचं ठरवलं. नेमके त्याच सुमारास वसंतराव आले. कळमन्याच्या बाजारात त्यांची धान्याची मोठी अडत होती. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा व्यवसायात, सून घरात. पांढरा सदरा, पांढरी पँट, खिशाला पेन, आणि बोलणं इतकं कमी की भाव सांगतानाही शब्द मोजून घेतात की काय, असं वाटावं. सुनेला शिकवाल का, म्हणून विचारायला आले होते. आत्याने त्यांना आपादमस्तक पाहिलं. "सूनबाई येतील तेव्हा येतील. तुम्हाला येते का चालवता?"

वसंतराव खिशाचं पेन नीट करत म्हणाले, "नाही येत. ड्रायवर आहे न."

"मग बसा," आत्या म्हणाली.

फक्त बायकांसाठी असलेल्या स्कूलमध्ये असा एक पुरुष घुसला, तोही शेवटचा विद्यार्थी म्हणून. आणि विद्यार्थी असा मठ्ठ की विचारू नका. बायका महिनाभरात शिकून जायच्या. वसंतरावांना अर्धा उन्हाळा गेला तरी रिव्हर्स जमेना. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची. आत्या कपाळाला हात लावायची, पण दुसऱ्या दिवशी सकाळी केसांना जास्वंदीचं तेल लावून तयार असायची. आई आणि मी वरच्या गॅलरीतून बघायचो. "मनू, या माणसाले इतका वेळ काहून लागून राहिला असंल?" आई मला विचारायची. मी म्हणायचे, वय झालं ना. आई मेथी निवडत बसायची.

त्याच उन्हाळ्यात गाडी आजारी पडली. सकाळी ठणठणीत सुरू व्हायची. दुपारी ऊन चढलं, थोडं फिरणं झालं की उचकी लागल्यासारखी करायची आणि पुलाच्या चढावर नाहीतर सिग्नलला मान टाकायची. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. आत्याचं निदान सहसा चुकत नसे, फक्त पहिल्या दोन-तीन वेळा चुकत असे. आधी तिने प्लग बदलले. मग हवेचा फिल्टर झटकला. मग पेट्रोलमध्येच पाणी आहे असं जाहीर केलं आणि थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून आमच्या जिन्याच्या पायरीवर पाणी खाली बसतं का ते पाहायला ठेवलं. दिवसभर काहीच खाली बसलं नाही. उलट दुपारी बाबा जिन्यात सिगरेट ओढायला बसणार होते. आईने बरणी पाहिली आणि त्यांच्या तोंडातली सिगरेट पेटायच्या आत काढून घेतली. बाबांनी त्या दिवसापासून सिगरेट सोडली असं ते सांगतात. आई म्हणते, जिन्यात ओढणं सोडलं.

तिचा नेहमीचा मेकॅनिक रफीकभाई म्हणाला, बाई, गाडीचं वय झालं, आता हिला आराम द्या. आत्या म्हणाली, "माह्यापेक्षा लहान आहे ती."

खरा रोग सापडला तो वसंतरावांना, आणि तोही ते गप्प बसायचे म्हणून. एका दुपारी शंकरनगर चौकाच्या अलीकडे गाडी थांबली. आत्या किल्ली फिरवत होती आणि फिरवताना बोलतही होती. वसंतराव हळूच म्हणाले, "मॅडम, एक मिनिट बोलू नका."

आत्याला असं कुणी आजवर म्हणालं नव्हतं. ती चक्क गप्प झाली.

"आता किल्ली फिरवा. पूर्ण नाही, अर्धी. ऐका."

काहीच ऐकू आलं नाही.

"सकाळी किल्ली अर्धी फिरवली का मागच्या सीटखालून भुंगा वाजते. दोन क्षण. गुंगुं करून. मग गाडी चालू होते," वसंतराव म्हणाले. "आता नाही वाजला. तो नाही वाजला का गाडी चालूच होत नाही. मी रोज ऐकून राहिलो."

इतकी वर्षं आत्या ती गाडी चालवत होती. किल्ली फिरवताना तिचं तोंड चालू असल्यामुळे हा भुंगा तिने कधी ऐकलाच नव्हता. तिने तिथूनच रफीकभाईला फोन लावला. त्याने सांगितलं, तो भुंगा म्हणजे टाकीत बुडवलेला पेट्रोलचा पंप. तोच टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलतो. आजूबाजूच्या पेट्रोलमुळे तो थंड राहतो. टाकी कायम रिकामी ठेवली की तापून तापून मरतो. "आता त्याची मोटर अडकून राहिली. टाकीले खालून लाकडानं ठोका, सुटली तं सुटली," असंही म्हणाला.

त्या दिवसापासून गाडीत कपडे धोपटायची लाकडी मोगरी आली. गाडी थांबली की एकाने खाली उतरायचं, मागच्या चाकाजवळ वाकायचं आणि टाकीला दोन-चार ठोके द्यायचे. आतली मोटर झोपेतून उठल्यासारखी गुणगुणायची आणि गाडी सुरू. कळमन्याचे शेठ भरचौकात रुमाल अंथरून गुडघ्यावर बसलेत आणि हातात मोगरी घेऊन गाडी धोपटताहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्या घरी त्या दिवशी जेवताना दुसरा विषय निघाला नसेल. एक ओळखीचे व्यापारी स्कूटर थांबवून विचारते झाले, "शेठ, काय करून राहिले?" वसंतराव म्हणाले, "शिकून राहिलो."

एकदा आत्याच हट्टाने मोगरी घेऊन उतरली. वसंतराव स्टिअरिंगवर होते. ठोके बसले, गाडी सुरू झाली, आत्या बाजूला सरली आणि तेवढ्यात मागून सिटी बस आली. पुढे रस्ता खोदलेला, डावीकडे उसाच्या रसाची गाडी. ज्या माणसाला अर्ध्या उन्हाळ्यात रिव्हर्स जमला नव्हता, त्याने आरशात एकदा पाहिलं, हात सीटच्या पाठीवर टाकला आणि एका झटक्यात गाडी मागे घेऊन बस आणि रसवाल्याच्या मधल्या फटीत सरळ नेऊन उभी केली.

आत्या रस्त्यात मोगरी घेऊन उभी. मग तिचे खांदे हलायला लागले. रसवाल्याने तिला बसायला स्टूल दिलं.

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "शेठजी, तुम्ही तं पक्के ट्रकवाले निघाले."

"कळमेश्वरले शेती आहे आमची. लहानपणापासून ट्रॅक्टर चालवतो. ट्रकही चालवला."

"मग माह्याकडे काहून आले शिकायले?"

वसंतराव खाली मान घालून म्हणाले, "सुनेसाठीच आलो होतो. तुम्ही बसा म्हणाल्या. मग तुम्ही हसल्या. मले वाटलं, शिकायले वेळ लागला तं बरं."

आत्याने रसाचे दोन ग्लास सांगितले. ही सगळी हकिकत तिने आम्हाला घरी येऊन सांगितली आणि शेवटी तितक्याच सहज म्हणाली, "दादा, मी लग्न करून राहिली."

बाबांचा हात ताटात थांबला. बाबा वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. सगळं जोडणीप्रमाणे व्हावं असं वाटणारे. वसंतरावांबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. माणूस चांगला, घर चांगलं. पण या वयात लग्न. पाहुणे काय म्हणतील, कॉलनीतले लोक हसतील. "आणि जाशील कशानं, त्या मोगरीच्या गाडीनं?"

"त्याच गाडीनं. मीच चालवत जाईन."

"मग मी येत नाही," बाबा म्हणाले.

"हसू दे न दादा लोकायले," आत्या म्हणाली, पण या वेळी ती स्वतः हसली नाही. उठून खाली गेली. रात्रभर तिच्या खोलीतून रेडिओसुद्धा ऐकू आला नाही.

त्यानंतर बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवायचे आणि बोलायचे माझ्यामार्फत. "मनू, तुझ्या आत्याला सांग, नळ आला आहे." आत्या शेजारीच उभी असायची. तीही म्हणायची, "मनू, तुह्या बाबाले सांग, मले दिसून राहिला." लग्न रजिस्टर पद्धतीने ठरलं, तारीख जवळ आली, तरी दोघांमध्ये हेच. आत्याने कपाटातून आजीची जुनी नारंगी साडी काढली, मॅचिंग ब्लाउज शिवून आणलं, पण ते बाबांना दाखवायला वर आली नाही. पूर्वी नवा रुमाल विकत घेतला तरी ती दाखवायला यायची.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पंपाने राम म्हटला. मोगरीने कितीही ठोकलं तरी भुंगा वाजेना. रफीकभाई भाचीच्या लग्नाला जबलपूरला गेलेला. वसंतरावांनी बाजार पालथा घालून त्या जुन्या गाडीला बसेल अशी पंपाची मोटर, जाळी आणि रबराची रिंग आणली. रफीकभाईने फोनवर सगळी कृती सांगितली. आत्याने साडीचा पदर खोचला, अंगणात गाडीची चारही दारं उघडली आणि मागची सीट उचलून बाहेर काढली.

सीटखाली शहरभरच्या बायकांचा खजिना निघाला. केसांच्या पिना, एक मोत्याचं कानातलं, संत्र्याच्या बिया, बांगडीचे तुकडे, कुणाच्या तरी बाळाचा मोजा. आत्या एकेक वस्तू उचलून तिची मालकीण ओळखत होती आणि आम्ही हसून हसून वाकत होतो. वसंतराव कोपऱ्यात उभे राहून तो मोजा घडी करत होते. बाबा वरच्या गॅलरीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर डोळ्यांपुढे होता आणि डोळे अंगणात.

टाकीचं झाकण दिसलं. शुभकाम म्हणून आत्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे उदबत्ती लावली आणि पाना हातात घेऊन टाकीकडे वळली.

"शकू, ती उदबत्ती विझव."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. बाबा उभे होते. पेपर खाली अंगणात पडला होता.

"पेट्रोलची टाकी उघडून राहिली आणि उदबत्ती लावते?" ते जिन्यावरून उतरता उतरता म्हणाले. "मी तुझ्याशी बोलत नाही आहे, हे समजून घे. पण उदबत्ती विझव. आणि घरातला गॅस बंद करा."

आईने शेगडी बंद केली. वरण अर्धं शिजलेलं तसंच राहिलं. बाबांच्या हातात त्यांचं जुनं मीटर होतं. त्यांनी मला विचारलं, "मनू, आत्याला विचार, पंपच मेला आहे याची खात्री केली का?"

"मोगरीनं केली," आत्या म्हणाली.

"मोगरी म्हणजे मीटर नाही. कदाचित पंपापर्यंत वीजच पोचत नसेल. मग नवीन पंप काय चालणार?" बाबांनी पंपाला जाणाऱ्या तारांची जोडणी काढली, मीटरच्या सुया लावल्या आणि वसंतरावांना म्हणाले, "किल्ली अर्धी फिरवा." मीटरचा काटा चढला. "वीज पोचते आहे. म्हणजे पंपच गेला." मग स्वतः बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवली. "आता ठिणगी पडायचा प्रश्न नाही. मनू, आत्याला सांग, उघड म्हणून."

झाकणाची रिंग घट्ट बसलेली. लोखंडाने ठोकायचं नाही, बाबांचा हुकूम. लाकूड हवं. आत्याने मोगरी पुढे केली. बाबांनी तिच्याकडे, मग मोगरीकडे पाहिलं आणि हातात घेतली. टुकटुक करत रिंग फिरली. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला. आत्याने दोन्ही हातांनी पंप वर ओढला, तो अख्खा काळा ठिक्कर, जाळी गाळाने भरलेली.

"हे पाहा," बाबा म्हणाले. "तळाचं पेट्रोल पाजून पाजून मारला त्याले."

"भरलेली टाकी माणसाले..." आत्याने सुरुवात केली.

"पंपाले तरी आळशी होऊ दे न शकू," बाबा म्हणाले. माझ्यामार्फत सांगायचं ते विसरून गेले होते.

मग दोघं बहीणभाऊ वर्तमानपत्र पसरून मांडी घालून बसले. आत्याने नवी मोटर जुन्या चौकटीत बसवली आणि तारा उलट जोडल्या. बाबांनी तिच्या हातावर चापट मारली. "अशी लावली तं उलटी फिरेल. लहानपणी माझा रेडिओही तूच जाळला होता."

"तो तूच जाळला होता दादा. मार मले बसला होता."

"मार मले बसला होता. तू पळाली होती."

वसंतराव तर्री-पोहे घेऊन आले तेव्हा दोघांचं भांडण रेडिओवरून आजोबांच्या सायकलवर गेलं होतं. सगळ्यांनी लांब ओट्यावर बसून पोहे खाल्ले. पेट्रोलच्या वासाने म्हणा, तर्रीने म्हणा, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. बाबा वसंतरावांना पहिल्यांदाच विचारते झाले, "ट्रॅक्टर कोणता होता हो तुमच्याकडे?" आणि वसंतराव पहिल्यांदाच पाच मिनिटं सलग बोलले.

नवी रबर रिंग बसवली, झाकण बंद केलं, तारा जोडल्या. कॅनमधून पेट्रोल टाकलं. आत्याने टाकायला सुरुवात केली आणि बाबांनी कॅन तिच्या हातातून घेऊन पूर्ण रिकामा केला. दारं उघडी ठेवून वास जाऊ दिला. शेवटी बॅटरी जोडली. आत्या चालकाच्या जागी बसली.

"अर्धी फिरव," बाबा म्हणाले. "आणि बोलू नको."

आत्या खरंच बोलली नाही. आम्ही सगळे श्वास धरून उभे. किल्ली फिरली आणि मागून आवाज आला, बारीक, गोड, गुंगुं. आत्या ते ऐकत राहिली. पुन्हा किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली, पुन्हा ऐकलं. लहान मुलीला कुणी खुळखुळा द्यावा तसं तिने ते इतक्या वेळा केलं की बाबा म्हणाले, "आता चालू कर, नाहीतर बॅटरी बदलावी लागेल." गाडी एका दमात सुरू झाली. बाबांनी वाकून टाकीपाशी कुठे गळतं का ते पाहिलं, हात पुसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या मी मागच्या सीटवर बसतो. पंप मी बसवला, आवाज कसा येते ते मलेच पाहावं लागेल."

आत्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. बराच वेळ हॉर्न वाजत राहिला. समोरच्या घरातले लोक बाहेर आले. ती हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी नारंगी साडी नेसून, दंडापर्यंत बांगड्या चढवून आत्या गाडी चालवत स्वतःच्या लग्नाला गेली. मागे बाबा, आई आणि मी. बाबा वाटभर कान देऊन बसले होते. सह्या झाल्या, हार घातले, आणि नवरानवरी गाडीत बसली, वसंतराव डावीकडे. आता डावीकडेही ब्रेक होताच. प्रत्येक गतिरोधकापाशी वसंतराव घाबरून तो दाबायचे आणि मागे आम्ही एकमेकांवर आदळायचो. "शेठजी, पाय वर घ्या," आत्या म्हणाली. कळमन्यापर्यंतचा उरलेला रस्ता नवरदेव सीटवर मांडी घालून बसले होते.

दारात सून ओवाळायला उभी होती. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप. धान्याच्या व्यापाऱ्याचं घर, त्यामुळे मापही खऱ्या पायलीचं. "आई, हळूच पाय लावा," सून म्हणाली. आत्याने आयुष्यभर क्लच दाबलेला पाय लावला आणि तांदूळ थेट देवघरापर्यंत गेले. सगळं घर हसलं. सुनेने तिला हात धरून आत नेलं.

त्यानंतर आत्याने आणि वसंतरावांनी त्या गाडीतून फार फिरून घेतलं. पचमढी, रामटेक, ओरछा, कुठून कुठून तिचे फोन यायचे. सुनेलाही तिने गाडी शिकवली. मागच्या हिवाळ्यात थोड्याशा आजाराने आत्या गेली. ज्या बायकांना तिने शिकवलं होतं त्या स्वतःच्या गाड्या चालवत आल्या. त्या सकाळी वसंतरावांच्या घरापुढे एकही पुरुष ड्रायव्हर दिसला नाही.

पण तिची आठवण निघाली की मला तिच्या लग्नाची संध्याकाळच आठवते. गाडी आत्याकडेच राहिली, तेव्हा आम्ही तिघं रिक्षाने घरी निघालो. बाबांच्या मांडीवर संत्राबर्फीचा डबा. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. रिक्षावाल्याने आरशात आमचे कपडे पाहून सहज विचारलं, "काका, लग्नातून येऊन राहिले का?"

"हो," बाबा म्हणाले. "बहिणीले सासरी पोचवून येऊन राहिलो."

रिक्षावाल्याने आरशात बाबांचे पांढरे केस नीट पाहिले. "सख्खी बहीण?"

"सख्खी. आजच लग्न झालं. गाडी तिनंच चालवली."

मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली, मान वळवली आणि म्हणाला, "थांबा काका, हे पहिल्यापासून सांगा." बाबा पुढे सरकून बसले, डबा उघडून त्याच्यापुढे धरला आणि सांगायला लागले.